जुगार की चाकरी?

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण सगळेच म्हणतो. परंतु तिच्याप्रमाणे वागणारा मनुष्य शहापूर-मुरबाडच्या बाजूला शोधावयास निघालात, तर पायांचे तुकडे पडतील. मुलगी द्यावयाची झाली म्हणजे बाप आधी नोकरी विचारतो, मग जमीन. म्हणीची ही उतरंड कशी उलटली, हा इतिहासाचा विषय आहे. आणि ह्या म्हणीत एका चौथ्या धंद्याचे नावच नाही. तो धंदा म्हणजे जुगार. जुगारावर पोट भरू पाहणारी माणसे ह्या म्हणीहून पुष्कळच जुनी आहेत. गेल्या काही वर्षांत शहरांतून पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळावर चरितार्थ चालवू म्हणणारे शिकलेसवरलेले तरुण निघाले, कंपनीतली नोकरी सोडून बसावे की काय असा प्रश्न घराघरांत निघू लागला, तेव्हा पुष्कळांना हे काहीतरी नवीनच वाटले. ते तितके नवीन नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. त्यात बायको दुरावलेला, सासूने टाकलेला, कर्जाने गांजलेला जुगारी आपली कहाणी सांगतो, आणि अखेरीस त्याला सल्ला मिळतो तो फासे टाकून शेती करण्याचा. कौटिल्य असा सल्ला देत नाही. तो राज्याचा हिशेब पाहणारा. द्यूताध्यक्ष नेमावा, खेळ ठरल्या जागीच चालावा, फासे अध्यक्षाने पुरवावेत, आणि जिंकणाऱ्याकडून शंभरास पाच घ्यावेत, अशी त्याची व्यवस्था आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही अड्डा चालविणाऱ्या ‘सभिका’चा वाटा ठरवून दिला आहे. आपल्याकडे अड्डेवाल्याच्या ह्या वाट्याला ‘नाल’ म्हणतात.

ह्या नालेपाशी थोडे थांबू, कारण सगळी गोम तिच्यात आहे. पाच गडी शंभर-शंभर रुपये घेऊन बसले. प्रत्येक डावात शंभर रुपये मधे जमतात, आणि अड्डेवाला पाच रुपये नाल काढतो. ऐंशी डाव झाले. पाचांनी आणलेल्या पाचशेपैकी चारशे अड्डेवाल्याच्या पेटीत गेले. उरलेले शंभर कोणाकडे आहेत, एवढाच प्रश्न राहतो. सर्वांत हुशार गडी जिंकला असेलही. पण जो एकही पत्ता हातात न धरता जिंकला, त्याचे नाव अड्डेवाला. कौटिल्याला हे पक्के ठाऊक होते, म्हणून त्याने सरकारला खेळाडू केले नाही, अध्यक्ष केले!

आता आपल्या मुलखाकडे येऊ. शहापूर तालुक्याला पूर्वी कोळवण म्हणत. डोंगर, जंगल, खाचरांत भात, वरकस जमिनीवर नागली आणि वरी. पावसाचे चार महिने गेले की पुढचे आठ महिने कोठारात काय पडले त्यावर. पावसाळ्याच्या तोंडी धान्य संपे, मग सावकाराकडून खावटी उचलायची आणि सुगीला दीडपट फेडायची. शेतीला ‘उत्तम’ म्हणणारा गृहस्थ ह्या खाचरांत उतरला नसावा. कोळवणातल्या कुळाच्या दृष्टीने शेती हा जुगारच होता. फासे टाकणारा पाऊस, आणि नाल काढणारा सावकार. अशा ठिकाणी ठरल्या दिवशी ठरलेले पैसे हातावर ठेवणारी व्यवस्था आली, ती लोखंडी रुळांवरून आली.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५४ साली कल्याणला पोहोचली, १८५५ साली वासिंदला, १८६० साली आसनगावला, १८६१ साली कसाऱ्याला. पुढे थळघाट होता. सदतिसास एक असा चढ, बोगदे, दऱ्यांवरचे पूल; हे काम होऊन १ जानेवारी १८६५ रोजी गाडी इगतपुरीला लागली. घाटाच्या कामावर हजारो मजूर होते, आणि पटकीने त्यांचे हालही पुष्कळ झाले. परंतु रोजाची मजुरी रोख मिळते, पावसाने दगा दिला तरी मिळते, हा अनुभव ह्या खोऱ्याला ह्या कामाने दिला. पुढे रेल्वेचा खलाशी, गँगमन, जंगलखात्याचा रखवालदार, शाळामास्तर अशी एकेक पायरी झाली. मुरबाडच्या वाट्याला हा रूळ आला नाही. नाणेघाट आणि माळशेज ह्यांच्या पायथ्याचा हा जुना बैलांच्या तांड्यांचा मुलूख रेल्वेने बाजूला टाकला. त्यामुळे मुरबाडकराला चाकरीसाठी कल्याण गाठावे लागले, आणि ते तो आजही गाठतो.

ज्या वर्षांत ह्या खोऱ्यात मजुरीचा रुपया येत होता, त्याच वर्षांत मुंबईत काय चालले होते? १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशचा कापूस थळघाटाने गाड्यांवरून उतरे, रेल्वेच्या टोकाला येई, आणि शहापूरच्या शिवारातून मुंबईकडे जाई. ह्या चार वर्षांत मुंबईत नेहमीच्या किमतीहून सात कोटी पौंडांच्या वर जादा पैसा आला असे सांगतात. हा पैसा ठेवावयाचा कोठे? त्यातून कंपन्या निघाल्या. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ भूमि-कंपन्या होत्या. बॅकबेचा समुद्र हटवू म्हणणाऱ्या कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला भाग पन्नास हजारांच्या वर गेला. समुद्र होता तिथेच होता. भाव मात्र वर चढला!

ह्या वेडाला ‘शेअर मॅनिया’ हे नाव पडले. प्रेमचंद रायचंद हे त्याचे सूत्रधार. त्यांची चिठ्ठी म्हणजे संपत्ती, अशी समजूत होती. कारकून, दुकानदार, वकील, गोरे अधिकारी, सगळे बाजारात उतरले. महिन्याच्या पगाराला कोण विचारतो, एका सकाळी वर्षाचा पगार सुटतो, ही भाषा घरोघर होती. आजच्या तरुणाची भाषा हीच आहे, शब्द तेवढे निराळे. आणि हे सारे मूर्ख होते असे कृपा करून समजू नका. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, प्राचीन लेखांचे गाढे संशोधक, गोरगरिबांचे वैद्य. त्यांच्यासारख्या विद्वानाचीही मोठी मिळकत ह्या वावटळीत गेली. बँक ऑफ बॉम्बेला १८६३ च्या कायद्याने शेअर तारण घेऊन कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती, तिने ती मनसोक्त वापरली.

१८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतले युद्ध संपले. १ जुलै १८६५ हा वायद्यांची देणीघेणी पुरी करण्याचा दिवस. त्या दिवशी कोणालाच कोणाचे देता येईना. नादारांसाठी त्याच वर्षी सरकारला वेगळा कायदा करावा लागला. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळली गेली. राजाबाई मनोरा त्या पैशातून उभा राहिला, हे खरे. प्रेमचंदांनी १८६४ साली आईच्या नावाने देणगी दिली, ती राहिली. तारखा मात्र शेजारीशेजारी ठेवून पाहाव्या: १ जानेवारीला थळघाटातून गाडी वर गेली, १ जुलैला मुंबई खाली आली. कोट्यधीश नादार झाले, आणि कसाऱ्याचा खलाशी महिनाअखेर आपला पगार मोजून घेत होता. म्हण उलटली ती ह्याच काळात उलटू लागली, असे माझे मत आहे.

जुगार त्यामुळे थांबला नाही. मुंबईत पावसावर सट्टा चाले. अमुक वेळात मोरीतून पाणी वाहील की नाही, ह्यावर पैसे लागत. १८८७ साली मुंबईचा जुगारबंदीचा कायदा झाला, परंतु पावसाची पैज त्याच्या व्याख्येत बसेना, म्हणून १८९० साली तो सुधारावा लागला. गंमत पाहा, पाऊस शहापूरच्या कुळाचे नशीब ठरवी, आणि शहरात तोच करमणुकीचा विषय होई. पुढे १८९२ साली तानशाचे धरण झाले आणि तो पाऊसही मुंबईला गेला; मागाहून वैतरणा आणि भातसा. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो, ही गोष्ट इथे विषयांतर होईल, म्हणून सोडतो.

मग आकड्यांचा जुगार आला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले भाव तारेने मुंबईला येत, त्यांवर लोक पैसे लावीत. हे १९६१ साली बंद झाले, तेव्हा १९६२ साली कल्याणजी भगत ह्यांनी वरळीत, आणि १९६४ साली रतन खत्री ह्यांनी स्वतंत्रपणे, मटका चालू केला. ‘ओपन’, ‘क्लोज’ हे शब्द गिरणगावातून चाकरमान्यांबरोबर गावोगाव गेले. मटक्याचे गिऱ्हाईक कोण होते हे लक्षात घ्या. ते बेकार लोक नव्हते. गिरणीतले पगारदार होते. ठरलेला पगार आणि चिठ्ठी ह्यांचे वैर नाही. पगार आहे म्हणूनच रोज चिठ्ठी लावता येते! आणि १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू होऊन पगार गेला, तेव्हा चाकरीही पक्की नसते हे गिरणगावाने पाहिले.

आता पोकरकडे. त्याचे समर्थक म्हणतात की हा नशिबाचा खेळ नव्हे, कौशल्याचा आहे. ह्यात तथ्य आहे. आपल्या १८८७ च्या कायद्यातही निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले, आणि तीन पत्तीला मात्र त्या पंक्तीत बसविले नाही. पोकरविषयी न्यायालयांचे एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली त्याला जुगार ठरविले, दुसऱ्या काहींनी उलट कल दाखविला. अखेर २०२५ च्या ऑगस्टात संसदेने पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब उरतो. बावन्न पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० निरनिराळे हात होतात. तीन पत्त्यांचे २२,१०० होतात, आणि एकाच दर्जाची तिन्ही पाने ४२५ हातांत सरासरी एकदा येतात. कौशल्य असते ते ह्या आकड्यांची जाण ठेवून सोडून देण्यात. पण त्याचे फळ हजारो डावांनंतर दिसते, आणि वाण्याची उधारी महिन्याला येते. शिवाय चांगला खेळाडू जिंकतो तो वाईट खेळाडूंकडून; ते नसतील, किंवा कंटाळून उठतील, तर कौशल्य कोणावर चालवावयाचे? नाल मात्र दोघांकडूनही निघते. बारकाईने खेळणारा, शिलकेचा थोडाच भाग पणाला लावणारा कोणी तरुण ह्यातून निभावून जाईल, नाही असे नाही. त्याला मी आळशी म्हणणार नाही. कंपनीतल्या कारकुनापेक्षा तो अधिक तास बसत असेल. प्रश्न त्याच्या कष्टांचा नाही, पैसा कोणाचा लागला आहे ह्याचा आहे. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकिकत आहे: द्यूतात हरलेल्या हरिपाळदेवाने कमळाइसेचे दागिने मागितले, आणि तिने ते दिले नाहीत. तो नकार त्यांना रामटेकच्या वाटेला घेऊन गेला. बहुतेक घरांत दागिने दिले जातात.

आणि ज्या चाकरीशी आपण ही तुलना करतो, तीही पूर्वीची राहिलेली नाही. थळघाटाच्या खलाशापासून मास्तरापर्यंत सर्वांनी जिच्यासाठी जमीन भावाला सोडली, ती निवृत्तिवेतनाची हमी महाराष्ट्र सरकारने १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांसाठी काढून घेतली. त्यांच्या पगारातून कापलेल्या रकमेचा काही भाग तेव्हापासून शेअरबाजारात जाऊ लागला, आणि म्हातारपणी किती हाती पडेल ते बाजार ठरवू लागला. १४ मार्च २०२३ रोजी राज्यातले शिक्षक आणि सरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले, ते आठवडाभर परतले नाहीत.