किल्लारीचा भूकंप आणि वैद्यकसेवा

किल्लारी हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. हैदराबादेत स्थिरावलेल्या कित्येक मराठी घराण्यांची मुळे त्याच मुलुखात आहेत. सोलापूरहून हैदराबादेस येणारा हमरस्ता उमरग्यावरून जातो आणि उमरग्याहून किल्लारी जवळच आहे. म्हणून त्या गावाचे दुःख येथील वाचकास परके वाटू नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी तेथील धरणी हादरली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा; गणपतीचे विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. दख्खनचे पठार स्थिर आहे, अशी सर्वसाधारण समजूत असे. वास्तविक १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीस लहान धक्के जाणवतच होते. परंतु एवढ्या अनर्थाची कल्पना कोणास यावी? भूकंप मध्यम प्रतीचा, सुमारे ६.२ तीव्रतेचा होता. मात्र दोनतीन फूट रुंदीच्या, काळ्या दगडाच्या आणि नुसत्या मातीत रचलेल्या भिंती व त्यांवर मातीचे जड माळवद, अशा घरांना तो पेलला नाही. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी अशी गावेच्या गावे बसली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली.

जखमींना उमरगा, लातूर व सोलापूर येथील रुग्णालयांत हलविण्यात आले. लष्कर आले, सेवाभावी डॉक्टरांची पथके आली. भूकंपाच्या जखमींत हाडमोडीचे व मणक्याच्या दुखापतींचे प्रमाण मोठे असते. शिवाय एक फसवा विकार असतो: ढिगाऱ्याखाली दीर्घकाळ दबलेला हातपाय मोकळा होताच चिरडलेल्या स्नायूंतील विष रक्तात मिसळते, आणि बरा वाटणारा मनुष्य मूत्रपिंडे निकामी होऊन दगावतो. एरिक बायवॉटर्स यांनी १९४१ साली लंडनमधील बॉम्बहल्ल्यांतील रुग्णांवरून त्याचे वर्णन केले होते. त्यावर उपचार लगेच, शक्यतो रुग्णास ढिगाऱ्याबाहेर काढण्यापूर्वीच, शिरेतून क्षारजल देऊन सुरू करावा लागतो. तात्पर्य, शल्यवैद्याची खरी निकड पहिल्या दोनतीन दिवसांत असते. आणि नेमक्या त्याच दिवसांत बघ्यांच्या व पाहुण्यांच्या मोटारींनी किल्लारीकडे जाणारे अरुंद रस्ते तुंबले होते. सद्‌भावनेनेही वाट अडते, हे कटू असले तरी खरे आहे.

देश, काल व पात्र पाहून दिलेले दान श्रेष्ठ, असे आपल्या परंपरेने सांगितले आहे. औषधांच्या दानास हे वचन किती काटेकोरपणे लागू पडते, हे किल्लारीपूर्वी पाचच वर्षे आर्मेनियात दिसून आले होते. तेथे डिसेंबर १९८८ मध्ये भूकंप झाला आणि जगाने सुमारे ५,००० टन औषधे व वैद्यकीय सामग्री धाडली. त्यांपैकी तत्काळ उपयोगी पडण्याजोगी केवळ ३० टक्के निघाली. काहींची मुदत संपलेली, काहींवरील नावे तेथे कोणास वाचता येईनात. पन्नास माणसे सहा महिने ती निवडीत बसली; शेवटी पाचवा हिस्सा नष्ट करावा लागला. अशा अनुभवांतून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाचे नियम प्रसिद्ध केले. मागितलेले तेच द्यावे, नावे समजेल अशा भाषेत असावीत आणि पोहोचल्यावर औषधाची निदान एक वर्षाची मुदत उरलेली असावी, हा त्यांचा सारांश. रोख रक्कम पाठविणे पुष्कळांना कोरडेपणाचे वाटते. पण जवळच्या पेठेत जे मिळते ते विकत घेण्यास तीच कामी येते.

आणखी एक भ्रम येथेच दूर करावा. आघाताने मृत झालेल्यांच्या देहांमुळे साथ पसरते, या भयाने अशा वेळी घाईने अंत्यविधी उरकले जातात आणि आप्तांना ओळख पटविण्याची संधीही मिळत नाही. वास्तविक मुख्य धोका असतो तो दूषित पाण्याचा आणि छावणीतल्या अस्वच्छतेचा.

प्रथमची गर्दी ओसरली, तेव्हा निराळ्याच प्रकारची वैद्यकसेवा आवश्यक ठरली. घरातली सारी माणसे गमावून एकटा उरलेला मनुष्य झोपेवाचून रात्री काढतो. त्याची जखम पट्टी बांधून भरत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आधाराने पुण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेने भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा अभ्यास हाती घेतला. त्याचे नेतृत्व डॉ. मोहन आगाशे यांच्याकडे होते. लोक त्यांना नट म्हणून ओळखतात. त्यांचे हे काम तितके ठाऊक नसते.

मुलांचा प्रश्न निराळा होता. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागांतील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. ज्ञानप्रबोधिनीने हराळी येथेच शाळा उभारली. आणि सोलापूर-हैदराबाद मार्गावरील अणदूर येथे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्याने हॅलो मेडिकल फाउंडेशनमार्फत खेड्यातील स्त्रियांनाच आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. त्यांना ‘भारतवैद्य’ म्हणतात. बाहेरून आलेला डॉक्टर आपल्या गावी परततो. भारतवैद्य बाई मात्र त्याच गावात राहते आणि रात्री-अपरात्री लोक तिच्याच दाराची कडी वाजवितात.