शिवसागराचा हिवाळा



बेळगाव जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांतून वाहणारी कृष्णा आपल्या परिचयाची आहे. तिला कऱ्हाड येथे मिळणाऱ्या कोयनेचा अलीकडचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. आज त्यातील एका पहाटेविषयी बोलावयाचे आहे.

कोयना महाबळेश्वरी उगम पावते, सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेस वळते. त्या वळणाच्या अलीकडे सुमारे १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. त्यामागील जलाशय तो शिवसागर. त्याचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात नेण्यात आले. तेथून ते वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रास मिळते. पूर्वेकडे जाणारी नदी माणसाने पश्चिमेस वळविली, याचा त्या काळी सर्वांस अभिमान वाटे आणि तो अस्थानी नव्हता.

पावसाळ्यानंतर हा जलाशय तुडुंब भरलेला आणि शांत असतो. अशाच एका हिवाळ्यात, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, असंख्य घरे कोसळली. मी तेव्हा बेळगावात शाळेत शिकत होतो. फळीवरची भांडी खणखणली आणि आजीने आम्हां मुलांना अंगणात नेले, एवढे स्मरते.

दख्खनचे पठार अढळ आहे, अशी तोवर समजूत होती. वस्तुतः जलाशय भरू लागल्यापासून, म्हणजे १९६२ च्या सुमारापासून, लहान धक्के जाणवतच होते. पुढे संशोधकांनी या भूकंपांचा जलाशयाशी असलेला संबंध दाखवून दिला. धरणास तडे गेले, परंतु ते उभे राहिले. नंतर त्यास बळकटी देण्यात आली. हा सारा वृत्तांत ग्रंथांतून नोंदलेला आहे.

ज्यांची शेते, घरे आणि देवळे शिवसागराखाली गेली, त्यांच्या कथनाची नोंद मात्र त्या मानाने अल्प आहे. त्यांच्या त्यागावर उजळलेल्या दिव्यांखाली आपण इतिहास वाचतो, याचे विस्मरण होऊ नये.

घटप्रभेवरील आपल्या हिडकल जलाशयाखालीही गावे आहेत. ती पाहिलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. विद्यार्थ्यांनो, सुट्टीत त्यांच्याकडे जा, त्यांच्या आठवणी उतरवून घ्या. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना यापरते उचित तर्पण कोणते?