एसटीएलची वाटचाल: यादी कुठलीही, कामे तीच

सोनाळा, टुनकी, पातुर्डा, बावनबीर, वरवट बकाल. संग्रामपूर तालुक्यातल्या या गावांच्या शेतकऱ्यांची कापूस-वजनाची यादी संगणकात भरली, की तिच्याकडून ठरावीक कामे हवी असतात. नावाने लावून दे, गावाप्रमाणे वेगळी कर, दुबार नोंदी काढ, अमुक खातेदार शोध. बँकेची यादी असो की शाळेचा पट, मागणी हीच. तरी प्रोग्रामर मंडळी वर्षानुवर्षे दर यादीला नवा कोड लिहीत आली. हा उपद्व्याप ज्यांनी बऱ्याच अंशी थांबवला, त्यांत सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररीचे, म्हणजे एसटीएलचे, नाव आधी घ्यावे लागेल.

तिचे कर्ते अलेक्झांडर स्टेपानोव्ह मूळचे मॉस्कोचे. कच्चा मासा खाऊन विषबाधा झाली आणि १९७६ साली ते रुग्णालयात पडले. तापाच्या भरात त्यांच्या डोक्यात आले, की बेरीज अनेकांत वाटून करता येते ती आकड्यांमुळे नाही. कंस कुठेही घातला तरी उत्तर बदलत नाही, एवढ्या एका गुणामुळे करता येते. मग ज्या क्रियेत हा गुण असेल तिला तीच पद्धत चालणार. ही हकिकत त्यांनी स्वतःच एका मुलाखतीत सांगितली आहे. पुढे अमेरिकेत डेव्हिड मसर यांच्याबरोबर त्यांनी ही कल्पना आधी एडा भाषेत आजमावली. एचपीच्या प्रयोगशाळेत मेंग ली यांच्या साथीने ती सी प्लस प्लसमध्ये उतरली.

खरी मेख आहे ती ‘इटरेटर’मध्ये. समजा, माहिती ठेवायच्या पाच रचना आहेत आणि त्यांवर करायची वीस कामे. प्रत्येक जोडीसाठी वेगळे फंक्शन लिहायचे तर शंभर झाली. स्टेपानोव्हनी मध्ये इटरेटर बसवला. ‘इथून सुरू, इथे संपते, पुढच्या नोंदीवर चल’ एवढेच तो जाणतो. शोधणाऱ्या फंक्शनला आत ॲरे आहे की लिंक्ड लिस्ट, याच्याशी देणेघेणे उरत नाही. शंभरांचे काम पंचविसांत भागते. दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते: कुठल्या कामाला किती वेळ लागेल, याची हमी त्यांनी लायब्ररीच्या करारातच घातली. तोवर ती बाब लिहिणाऱ्याच्या मर्जीवर होती.

नोव्हेंबर १९९३ मध्ये अँड्र्यू कोनिग यांच्या आग्रहाने हे काम सी प्लस प्लसच्या प्रमाणीकरण समितीपुढे आले आणि जुलै १९९४ मध्ये स्वीकारलेही गेले. समित्यांचा एरवीचा वेग पाहता हे नवलच! त्याच वर्षी एचपीने सगळा कोड फुकट खुला केला. १९९८ च्या मानकात एसटीएल आली खरी, पण वेळ नव्हता म्हणून हॅश टेबल ही रचना राहून गेली; ती मिळायला २०११ उजाडले. इतर भाषांनीही अशा तयार लायब्ऱ्या दिल्या: जावाने १९९८ मध्ये आपली कलेक्शन्स आणली, पायथनने २००३ मध्ये ‘इटरटूल्स’.

‘यात काय मोठे, मीच लिहितो’ म्हणणाऱ्यांसाठी जावातली एक गोष्ट. लावलेल्या यादीत नाव शोधताना मधली नोंद काढावी लागते: दोन टोकांचे क्रमांक मिळवा, निम्मे करा. शाळकरी गणित. पण यादी शंभर कोटींहून मोठी झाली की ती बेरीज जावातल्या पूर्णांकाची २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा ओलांडू शकते आणि उत्तर ऋण येते. ही चूक जावाच्या अधिकृत लायब्ररीत कित्येक वर्षे दबा धरून होती. ज्यांचा तो कोड, त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये ती जगजाहीर केली. उपाय सोपा: टोकांतले अंतर निम्मे करून खालच्या टोकात मिळवायचे. महत्त्वाचे हे, की दुरुस्ती एका जागी झाली आणि लाभ सगळ्यांना मिळाला. घरोघरी लिहिलेल्या प्रतींत तीच चूक आजही नांदत असेल.

महाराष्ट्रात या परंपरेशी जवळचे नाते सांगणारे काम मुंबई आयआयटीच्या अभिराम रानडे यांचे. नवशिक्यांसाठी त्यांनी ‘सिंपलसीपीपी’ ही लायब्ररी केली. तिच्यातल्या ‘रिपीट’ने विद्यार्थी आधी पडद्यावरचे कासव चालवतो, व्याकरणाचे लोढणे नंतर. त्यांचे इंग्रजी पाठ्यपुस्तक २०१४ मध्ये आले. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये सी आणि सी प्लस प्लसचे धडे मराठीतून ऐकता येतात.

आपल्या याद्यांची अडचण मात्र एसटीएल सोडवत नाही. ‘बोऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक नुक्त्याचा र घेऊन, दुसरा र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळे बोऱ्हाडे दिसतात. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. मग दुबार नोंद सापडत नाही आणि गावाची बेरीज चुकते.

शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे आणि संग्रामपूरच्या पोरांना ते जवळचे. शेवटच्या वर्षी प्रकल्प शोधणाऱ्या मुलांनी हॉटेल-बुकिंगचे तेच ते संकेतस्थळ बाजूला ठेवून मराठी नावे जुळवणारी, लावणारी, गटवार करणारी फंक्शने लिहावीत, चाचण्यांसह खुली करावीत. पहिली चाचणी बोऱ्हाड्यांवरच घ्या.