दोन निरोप्यांची शर्यत

मंडळी, आज इंटरनेटच्या इतिहासातल्या एका शर्यतीविषयी बोलू. ती 2003 साली संपली. बाहेर फारशी कुणाला कळलीही नाही, पण मोठमोठ्या जाळ्यांतली वाहतूक कोणाच्या सांगण्यावरून वळणार, हे तिच्यात ठरलं.

आधी अडचण काय होती ते बघा. राउटर एरवी प्रत्येक पॅकेट सर्वांत जवळच्या वाटेनं पाठवतो. सगळेच जवळच्या वाटेनं निघाले की ती तुंबते आणि थोडी लांबची वाट मोकळी पडून राहते. त्यावर एमपीएलएसची युक्ती कामी आली. पॅकेटवर 20 बिटांचं लेबल चिकटवायचं आणि मधल्या राउटरांनी पत्ता न वाचता, नुसतं लेबल बघून ते पुढे सरकवायचं. मग लांबची वाटही मुद्दाम आखता येते. पण त्यासाठी वाटेवरच्या प्रत्येक राउटरला आधी सांगून ठेवायला हवं की हे लेबल आलं तर तिकडे पाठव आणि एवढी बँडविड्थ राखून ठेव. हा निरोप नेणार कोण?

उमेदवार दोन होते. पहिला आरएसव्हीपी. तो या कामासाठी जन्मलाच नव्हता. लिक्सिया झांग, डेबोरा एस्ट्रिन, स्कॉट शेंकर आदी संशोधकांनी 1993 मध्ये तो मांडला, तो आवाज आणि व्हिडिओच्या एकेका प्रवाहासाठी बँडविड्थ राखायला. सप्टेंबर 1997 मध्ये त्याचं प्रमाण प्रसिद्ध झालं आणि त्याच महिन्यात, मोठ्या जाळ्यात तो झेपणं अवघड आहे, असा इशाराही छापून आला. एवढ्या प्रवाहांची नोंद प्रत्येक राउटरनं ठेवायची कशी?

दुसरा सीआर-एलडीपी. लेबलं वाटण्यासाठीच घडवलेल्या एलडीपीचा हा विस्तार. नॉर्टेल त्याच्या पाठीशी होती. तो टीसीपीवरून बोले, त्यामुळे निरोप पोचल्याची खात्री असे आणि एकदा सांगितलेलं पुनःपुन्हा सांगावं लागत नसे. आरएसव्हीपीचं उलट. त्याचा निरोप टोकापर्यंत जातो, उत्तर लेबल घेऊन त्याच वाटेनं मागे येतं आणि साधारण दर 30 सेकंदांनी हे सगळं पुन्हा सांगावं लागतं. नाही सांगितलं तर काही वेळानं नोंद आपोआप पुसली जाते. कागदावर दुसराच सरस वाटतो, नाही का?

तरी जिंकला पहिला. एक तर जुना आक्षेप सौम्य झाला होता. आता एकेका प्रवाहाची नव्हे, हजारो प्रवाह पोटात घेणाऱ्या एका बोगद्याची नोंद ठेवायची होती. पुनःपुन्हा सांगण्याचं ओझं हलकं करणारे उपायही 2001 मध्ये आले. आणि मुख्य म्हणजे सिस्को आणि ज्युनिपर यांच्या राउटरांत तो प्रत्यक्ष चालत होता.

गंमत म्हणजे दोघांनाही प्रमाणाचा शिक्का मिळाला. आरएसव्हीपी-टीईला डिसेंबर 2001 मध्ये, सीआर-एलडीपीला जानेवारी 2002 मध्ये. पण दोन प्रमाणं म्हणजे राउटर बनवणाऱ्यांना दुप्पट काम आणि जाळं चालवणाऱ्यांना दुप्पट चाचण्या. ही प्रमाणं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये मतदान होत नाही. तिथे ढोबळ सहमती बघतात आणि चालतं सॉफ्टवेअर बघतात. फेब्रुवारी 2003 च्या आरएफसी 3468 मध्ये निर्णय नोंदला गेला: सीआर-एलडीपीवर यापुढे नवं काम नाही.

हरलेला वाईट होता असं नाही, बरं का. इथे गुणांपेक्षा रुजलेपण जड ठरलं. मात्र त्याची किंमत राहिलीच. वाटेवरच्या प्रत्येक राउटरला प्रत्येक बोगदा लक्षात ठेवावा लागतो. 2018 मध्ये सेगमेंट रूटिंगचं प्रमाण आलं, त्यात वाटेची यादी पॅकेटच स्वतःबरोबर नेतं आणि मधल्यांनी बोगदे लक्षात ठेवायची गरज उरत नाही. म्हणजे 1997 चाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला: नोंद ठेवायची कोणी?