मुंबईचा रानपाला आणि त्याची नोंद

मुंबईचा इतिहास सांगताना आपण किल्ले, गोद्या, गिरण्या आणि चर्चे यांचा उल्लेख करतो. कुंपणाकडेच्या रानपाल्याचा मात्र कोणी करत नाही. वस्तुतः त्या पाल्याची चिकित्सा चार शतकांहून जुनी आहे, आणि तिच्याशी ख्रिस्ती समाजाचे नाते अभिमानाचे तसेच वेदनेचेही आहे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. पुढे मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात येथील फळांची व औषधींची चर्चा आहे. जुन्या ग्रंथांपेक्षा त्याने स्वतःच्या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवला आणि येथील वैद्यांना प्रश्न विचारले. त्या संवादांत सांगितलेली वस्तू आणून देणारी आंतोनिया नावाची दासीही आहे. पंडितांच्या चर्चेत तिच्या वाट्याला मोजकेच शब्द येतात. परंतु तिच्या हातची वस्तू पुढ्यात आल्यावरच चर्चेला आधार मिळतो.

ओर्ता ज्यू वंशाचा होता. १५६८ साली तो वारला. पुढल्याच वर्षी इन्क्विझिशनच्या निवाड्याने त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून अग्नीच्या स्वाधीन केली गेली. ज्ञानाची थोरवी गाताना हे सत्य आपण झाकून ठेवू नये.

त्यानंतर तीन शतकांनी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९–१९१७) यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून मुंबईच्या विषारी वनस्पतींवर लेख लिहिले. खाद्य ओळखायचे तर आधी विष ओळखावे लागते. पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या कळलावीचे फूल देखणे, पण तिचा कंद प्राणघातक. शेवळे खाण्याजोगे खरे. पण काकडाच्या आंबट फळांवाचून शिजवले तर घसा खवखवल्याखेरीज राहत नाही.

कीर्तिकर आणि बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १९१८ साली निघाला. १९३३ साली त्याची सुधारित आवृत्ती सिद्ध केली ती फादर एथेलबर्ट ब्लाटर व फादर कायस या दोन येशूसंघीयांनी आणि डॉ. म्हसकर यांनी. त्याआधी १९३१ साली कायस व म्हसकर यांनी सर्पदंशावरच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती तपासल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील एकही विषावर उपयोगी ठरली नाही. वनस्पतींवर आयुष्य वेचणाऱ्यांनीच हा निर्णय निःसंकोचपणे दिला, यात त्यांचे मोठेपण आहे. परंपरेवरचे खरे प्रेम परीक्षेला भीत नाही.

सेंट झेवियर कॉलेजात १९०६ साली सुरू झालेला वनस्पतिसंग्रह आज फादर ब्लाटर यांच्या नावाने ओळखला जातो. तेथील वाळलेले पान आपल्याला नाव, स्थळ आणि दिनांक सांगते. टाकळा कोवळा कधी खुडावा, भारंगीचा कडूपणा कसा काढावा, हे मात्र ते सांगत नाही. ते ज्ञान पहिल्या पावसानंतर उपनगरांतील स्थानकांबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या आदिवासी भगिनींपाशी आहे, आणि आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांपाशीही. मोकळी जमीन आक्रसत आहे. गटाराकाठचा आणि रुळांलगतचा पाला तर खाण्याच्या योग्यतेचाच राहिलेला नाही. जागा गेली की भाजी जाते, आणि भाजी गेली की तिची ओळखही जाते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. घरच्या वृद्धांना विचारून भाजीचे नाव, तिचा महिना, शिजवण्याची रीत आणि काय खाऊ नये, हे तीत लिहावे. आणि सांगणारीचे नावही लिहावे. आंतोनियाचे आडनाव इतिहासाला ठाऊक नाही. आपल्या आजींच्या बाबतीत तरी तसे होऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.