१९७४ सालची दोन मोजमापं

संशोधनाचा विषय शोधताना तुम्हाला एका साच्यातले शोधनिबंध पुष्कळ दिसतील: रक्तातला अमुक घटक वाढलेला असेल, तर रुग्ण नीट बरा होण्याची शक्यता कमी. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मीही असे निबंध भराभर वाचत होते. प्रत्येक वेळी वाटायचं, अरे वा, हे नवीनच! मग एका जुन्या संदर्भानं मला जमिनीवर आणलं. आज त्याचीच गोष्ट.

आधी आजार समजून घेऊ. मेंदूतल्या धमनीची भिंत कमकुवत होऊन तिथे फुगा येतो, त्याला ॲन्युरिझम म्हणतात. तो फुटला की रक्त मेंदूभोवतीच्या पोकळीत पसरतं. क्लिप किंवा कॉइल लावून फुगा बंद केला तरी सुटका नसते. पुढचे साधारण दोन आठवडे धमन्या आकसण्याची आणि मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडण्याची भीती असते. आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांचा प्रश्न मात्र एकच असतो: बरा होईल ना?

याचं उत्तर आधी रुग्णाकडे बघूनच दिलं जायचं. १९६८ साली हंट आणि हेस यांनी डोकेदुखी, ताठ मान, गुंगी, अंगातली कमजोरी, बेशुद्धी अशा लक्षणांवरून पाच श्रेणी केल्या. मग आलं १९७४. त्या वर्षी टीसडेल आणि जेनेट यांनी ग्लासगो कोमा स्केल मांडलं. रुग्ण डोळे कधी उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो, एवढंच बघायचं. आणि त्याच वर्षी 'ब्रेन' या नियतकालिकात नील-ड्वायर आणि क्रुकशँक यांचा निबंध आला. विषय होता, या रक्तस्रावानंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या आणि तिच्यावरून बांधता येणारा पुढचा अंदाज. माझ्या 'नवीन' विषयाचं वय असं निघालं!

पहिलं मोजमाप जगभर पसरलं. १९८८ सालच्या पाच श्रेणींच्या आंतरराष्ट्रीय मापाचा पायाही तेच झालं. दुसरं मात्र दर काही वर्षांनी नव्यानं सापडत राहिलं. का बरं?

उत्तराचा एक धागा १९३० मध्ये आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात एक वेगळी प्रतिक्रिया दिसली. रुग्ण सुधारला की ती नाहीशी व्हायची. तिच्यामागचं प्रथिन म्हणजे आजचं सीआरपी. पुढे कळलं, ते फक्त न्यूमोनियात नाही, कुठल्याही मोठ्या दाहात वाढतं. आता बघा, मेंदूत रक्तस्राव झालेला बेशुद्ध रुग्ण, त्यात त्याला न्यूमोनिया होण्याचा धोका. सातव्या दिवशी सीआरपी चढलं, तर ते मेंदूबद्दल सांगतंय की फुप्फुसांबद्दल?

२००१ मध्ये झाहोरेक यांनी अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर सुचवलं. साध्या सीबीसीत न्यूट्रोफिल ८० टक्के आणि लिम्फोसाइट १० टक्के असतील, तर गुणोत्तर ८. स्वस्त आणि सोपं! पुढे मेंदूतल्या या रक्तस्रावातही ते तपासलं गेलं आणि वाईट परिणामांशी त्याचा संबंध दिसला.

यामागे जीवशास्त्र आहेच. सांडलेल्या तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर येतं, दाह भडकतो. पण रक्तस्रावाच्या धक्क्यानं ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉलही वाढतात. त्यांच्यामुळे न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. स्टेरॉइड दिलं असेल तरी तेच. म्हणजे हे गुणोत्तर नुकसान करणाऱ्या दाहाचं माप असेल, किंवा मुळात रक्तस्राव किती मोठा होता याची नुसती सावलीही असेल. आणि रक्तस्राव मोठा होता, हे रुग्णाच्या श्रेणीवरून डॉक्टरांना आधीच कळलेलं असतं.

म्हणून असा निबंध हातात घेतलात, की आधी निष्कर्ष वाचू नका. रक्त कितव्या दिवशी घेतलं ते बघा. संसर्ग आणि स्टेरॉइड यांचा हिशेब धरलाय का, ते बघा. आणि मुख्य म्हणजे वय, श्रेणी आणि सीटी स्कॅनवरचं रक्त एवढं माहीत असताना या आकड्यानं अंदाजात काय भर घातली, ते शोधा. पी-व्हॅल्यू कितीही छोटी असो, तिच्यातून या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ते मिळतं दुसऱ्याच रुग्णालयातल्या, दुसऱ्याच रुग्णांवर तो अंदाज पडताळल्यावर.

हा काटेकोरपणा केवळ परीक्षकांसाठी नाही. एखाद्या आकड्यावरून 'हा काही सुधारणार नाही' असं ठरलं आणि त्यामुळे उपचार आवरते घेतले, तर अंदाज खरा ठरतोच. मग तो चुकीचा होता, हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. तुमचा पहिला ग्राफ सुंदर आला की आनंद जरूर माना. फक्त त्या आयसीयूबाहेरच्या बाकाची आठवण ठेवा.