एका पोपच्या दोन प्रतिमा

पोपचे व्यक्तिचित्र हे एका माणसाचे चित्र असते, की एका पदाचे? आजच्या मर्यादित वेळात या प्रश्नाच्या निमित्ताने मी एकाच पोपविषयी बोलणार आहे. ज्युलियस दुसरा (१५०३–१५१३) हा धर्मगुरू असूनही सैन्याबरोबर स्वतः मोहिमेवर निघणारा राजकारणी होता. त्याची प्रतिमा घडविण्याचे काम मायकेलअँजेलो आणि राफाएल या दोघांकडेही आले, हा योग दुर्मीळच म्हटला पाहिजे.

१५०६ साली ज्युलियसने बोलोन्या शहर बेन्तिवोल्यो घराण्याकडून घेतले आणि तेथे आपला भव्य कांस्यपुतळा उभारण्याची आज्ञा मायकेलअँजेलोस दिली. पहिल्या ओतकामात धातू पुरता वितळलाच नाही. अखेर फेब्रुवारी १५०८ मध्ये सान पेत्रोनिओ चर्चच्या दरवाजावर पुतळा बसला. त्याच्या डाव्या हातात ग्रंथ द्यावा काय, असे शिल्पकाराने विचारले असता, आपण काही विद्वान नव्हे, तलवार द्यावी, असे पोप म्हणाल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बोलोन्याच्या नागरिकांना पुतळ्याचा अर्थ नीट कळला होता. १५११ च्या मे महिन्यात फ्रेंचांच्या साहाय्याने बेन्तिवोल्यो परतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुतळा खाली पाडण्यात आला. फेराराचा ड्यूक आल्फोन्सो द'एस्ते याने ते कांस्य घेऊन त्याची तोफ ओतविली व तिचे नाव ठेवले 'ला ज्यूलिया'. पोपचेच नाव, केवळ स्त्रीलिंगी केलेले!

राफाएलचे तैलचित्र याच पराभवाच्या छायेतील आहे. त्याचा काळ ठरतो तो दाढीवरून. पोपने दाढी राखणे त्या काळी रूढीविरुद्ध होते. परंतु फ्रेंचांना इटलीतून घालविल्यावाचून ती काढणार नाही, असा ज्युलियसचा पण होता, असे सांगतात. मार्च १५१२ पर्यंत ती गेली. म्हणजे चित्र त्यापूर्वीचे. खुर्चीत बसलेला वृद्ध खाली नजर लावून कसल्याशा विचारात गढला आहे. उजव्या हातात रुमाल. डाव्याने मात्र खुर्चीचा हात घट्ट धरलेला. खुर्चीवरील ओकफळे म्हणजे त्याच्या देल्ला रोव्हेरे घराण्याचे चिन्ह. मागच्या पडद्यावर पोपपदाच्या किल्ल्यांचे चिन्हही प्रथम रंगविले होते; ते पुढे हिरव्या रंगाखाली झाकले गेले. मला हा फेरबदल फार बोलका वाटतो.

बसलेल्या पोपची ही किंचित तिरपी बैठक पुढे तिशियनने आणि १६५० मध्ये व्हेलाझ्केझनेही स्वीकारली. मूळ चित्र मात्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत दीर्घकाळ नक्कल म्हणून टांगलेले होते. १९७० च्या सुमारास क्ष-किरण तपासणीत रंगाखालच्या त्या किल्ल्या दिसल्या आणि तेच राफाएलच्या हातचे ठरले. पुतळ्याचे मस्तक तेवढे आल्फोन्सोने वितळविले नव्हते, आपल्या संग्रही ठेवले होते, असे व्हासारी लिहितो. तेही पुढे नाहीसे झाले.